इमॅजिकाला आम्ही १४ जण (पोरं ५, गुडघेवाले ३) – राहायचं कुठं?

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं, असं घरात ठरलंय. ठरवलंय पोरांनी, आम्ही फक्त पैसे भरायचे आणि बॅगा उचलायच्या. माणसं १४. आई, बाबा, आत्या (तिघंही सत्तरीच्या पुढं), आम्ही दोघं आणि आमची दोन पोरं (११ आणि ६), धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दीड वर्षाची लेक, इचलकरंजीची बहीण, दाजी, त्यांची १४ वर्षांची पोरगी आणि ९ चा पोरगा. १७ सीटर ट्रॅव्हलर सांगून ठेवलीय. दोन रात्री मुक्काम. उसाचं गाळप सुरू व्हायच्या आत उरकायला पाहिजे, कारण एकदा तोड आली की बाबा शेत सोडून गगनबावड्यालासुद्धा येणार नाहीत.

अडलंय ते राहण्यावर. घरात तीन पक्ष पडलेत. भाऊ म्हणतो पार्कला लागून नोव्होटेल आहे, तिथंच राहू. दाजी म्हणतात लोणावळ्यात स्विमिंग पूलवाला अख्खा बंगला घेऊ. बाबा म्हणतात झोपायलाच तर जायचंय, खोपोलीत साधं लॉज बघा. आई काहीच बोलत नाही, म्हणजे तिच्या मनात चौथंच काहीतरी आहे.

एवढं लटांबर घेऊन कुणी गेलंय का?

---

उसाचा रस | सोमवार, रात्री ९:५२

बंगला! विचारताय काय. रात्री अंगणात चूल, तांबडा-पांढरा, दाजी आणि तुम्ही खुर्च्या टाकून बसलाय. हॉटेलात १४ जणांनी एकत्र बसायचं कुठं, लिफ्टमध्ये?

---

खासबाग मैदान | सोमवार, रात्री १०:३०

रसवाले, तुम्ही पोरांना घेऊन गेलाय का कधी? :)

पंचगंगाकाठ, नकाशा उघडून एकदा बघा. लोणावळा घाटाच्या वर, इमॅजिका घाटाच्या खाली. पार्क खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, खालापूर तालुक्यात. म्हणजे बंगला लोणावळ्यात घेतला तर रोज बोरघाट उतरायचा आणि रात्री भिजलेली, पेंगुळलेली, पैकी एक-दोन ओकणारी पोरं घेऊन परत चढायचा. सुट्टीच्या दिवसात एक्स्प्रेसवेवर घाटात गाड्या कशा तुंबतात, हे बातम्यांत बघताच की.

आम्ही गेलो होतो ८ जण. खोपोलीतल्या साध्या लॉजवर उतरलो. खोल्या स्वच्छ होत्या, भाडंही परवडलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण धाकटं पोरगं दुपारी अडीचला जे पेंगायला लागलं, ते बायको मांडीवर घेऊन संध्याकाळी सहापर्यंत बाकावर बसून. एकटीला खोलीवर पाठवायचं म्हटलं तर गाडी पार्किंगला, ड्रायव्हर जेवायला गेलेला. तिनं पार्क बघितलाच नाही. अजून ऐकवते.

तुमच्याकडं दीड वर्षाचं बाळ आणि तीन म्हातारी माणसं आहेत. दुपारी चालत खोलीवर जाता येतंय का, एवढा एकच प्रश्न विचारा.

---

तिखट मीठ | सोमवार, रात्री १०:४१

+१. आमच्यात 'दुपारची झोप कुठं' हा पहिला प्रश्न आणि 'नाश्ता किती वाजेपर्यंत' हा दुसरा.

---

दोन लेकरांची आई | मंगळवार, सकाळी ७:१५

बंगल्याबद्दल लिहायचं की नाही, असा रात्री विचार करत होते. लिहितेच.

गेल्या वर्षी आम्ही सासरचे १६ जण असाच एक बंगला घेऊन राहिलो. कुठला आणि कुणाचा ते सोडा. पहाटे सगळे झोपलेले. साडेतीन वर्षांचा पुतण्या एकटाच उठला, सरकतं काचेचं दार ढकललं आणि थेट पूलच्या काठावर. नशीब की सासऱ्यांना पाचला उठायची सवय. त्यांनी खिडकीतून बघितलं आणि ओरडत धावले. पोरगं पायरीवर पाय सोडून बसलेलं. पुढं काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी बंगल्याच्या जाहिरातीत निळं पाणी बघितलं की पोटात गोळा येतो.

तिथं जीवरक्षक नसतो. पूलला कुंपण नसतं, कारण कुंपणानं फोटो बिघडतो. रात्री दिवे बंद झाले की पाणी आणि फरशी एकच दिसते. आणि १६ माणसांत प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघतोय. बंगला घ्यायचाच असेल तर पूलच्या बाजूचं दार आतून वरच्या कडीनं बंद होतं का, हे व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावा. दीड वर्षाचं बाळ असताना मी तरी घेणार नाही.

---

उसाचा रस | मंगळवार, सकाळी ८:०२

ताई, वाचून गप्प झालो. माझा बंगला रद्द.

---

हिशेबतपासनीस | मंगळवार, सकाळी ११:२०

भावनिक बाजू झाली असेल तर जरा पैशाचं बोलू. हॉटेलवाले मोठ्या कुटुंबाला हमखास फॅमिली स्वीट, म्हणजे मोठी ऐसपैस खोली दाखवतात. घेण्याआधी कर बघा. हॉटेलचा जीएसटी एकूण बिलावर ठरत नाही, एका खोलीच्या एका दिवसाच्या भाड्यावर ठरतो. ७५०० रुपयांपर्यंत ५ टक्के (२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी १२ होता), त्याच्यावर गेलं की १८ टक्के.

उदाहरण म्हणून आकडे घेतो, हे कुठल्या हॉटेलचे दर नाहीत. १२००० चे तीन स्वीट म्हणजे ३६०००, त्यावर कर ६४८०. ७२०० च्या पाच खोल्या म्हणजे तेच ३६०००, कर १८००. रात्रीमागं ४६८० रुपयांचा फरक, वर दोन खोल्या जास्त आणि दोन संडास जास्त. दिवाळीच्या ऐन दिवसांत दर ७५०० च्या वर पळतात तेव्हा हा हिशेब लागू पडत नाही. पण भाऊबीज उरकून मधल्या वारांना गेलात तर दर आलटून-पालटून विचारा.

दुसरं. हॉटेल पोराचं वय बघतं, पार्क पोराची उंची बघतं. हॉटेलात 'अमुक वर्षांखालील मोफत' असतं, त्याचा पुरावा म्हणून आधार कार्ड लागतं. पार्कच्या गेटवर आधार कार्डाला कोण विचारत नाही, भिंतीवरच्या पट्टीला पाठ लावून उभं करतात. ११ वर्षांचं पोरगं उंच असेल तर ते हॉटेलात बालक आणि पार्कात बाप्या.

---

कळंबा तलाव | मंगळवार, दुपारी १:०५

बंगळुरूच्या वंडरलाचा विचार केला नाही का? २००५ सालचा पार्क, म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ. रिसॉर्ट पार्कच्या आवारातच आहे, ८४ खोल्या. दुपारी पोरगं झोपवायला गेटाबाहेर यायचीसुद्धा गरज नाही. तिथं ८५ सेंटीमीटरच्या खालच्या बाळाला तिकीट नाही आणि १४० पर्यंत लहान मुलांचं तिकीट. आम्ही दोन कुटुंबं गेलो होतो, निवांत झालं.

---

पंचगंगाकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

बघितलं होतं. ६०० च्या वर किलोमीटर आहे. बाबा ट्रॅव्हलरमध्ये निपाणीपर्यंत नीट बसतात, त्याच्यापुढं ड्रायव्हरला गाडी चालवायला शिकवतात. विमानानं १४ तिकिटांचा आकडा बघून विषय संपला.

रेल्वेचंही बघून झालं. कोयना एक्स्प्रेस सकाळी निघून लोणावळ्याला संध्याकाळी पोचवते, म्हणजे एक दिवस खिडकीतच गेला.

---

रंकाळ्यावरची भेळ | मंगळवार, दुपारी २:१०

त्यापेक्षा पन्हाळ्यावर जावा की. हवा चांगली, झुणका-भाकरी चांगली, रात्री घरी.

---

मिरचीचा ठेचा | मंगळवार, दुपारी २:१८

झुणका-भाकरी पन्हाळ्याची नव्हे, जोतिबाच्या वाटेवरची. आणि 'कोल्हापुरी मिसळ' म्हणून लोणावळ्याच्या वाटेवर जे वाढतात त्याला मिसळ म्हणायचं असेल तर माझा निषेध नोंदवा.

(पुढच्या ११ प्रतिक्रिया मिसळीत पाव की ब्रेड या विषयावर असल्यानं वेगळ्या धाग्यात हलवल्या आहेत. – संपादक)

---

ऑर्लँडोतला गडी | मंगळवार, रात्री १०:५०

मूळचा राजारामपुरीचा, सध्या फ्लोरिडात. इथं डिस्ने वर्ल्डला गावाकडनं आलेल्या पाहुण्यांना नेणं हे माझं पार्टटाइम कामच झालंय, त्यामुळं मोठ्या कुटुंबाच्या खोल्यांचा अभ्यास नको तेवढा आहे.

डिस्नेच्या 'आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन' रिसॉर्टमध्ये फॅमिली स्वीट आहेत, सहा माणसांचे. पहिल्यांदा मी पलंग मोजले. जेवणाचं टेबल आहे त्याचाही पलंग होतो, सोफ्याचाही होतो, खूश झालो. राहिल्यावर कळलं की त्या स्वीटची खरी किंमत पलंगात नव्हे, दोन बाथरूममध्ये आहे. पार्क उघडायच्या आधी सहा जणांनी आवरून बाहेर पडायचं, त्यात माझ्या सासूबाईंची पूजा. एक बाथरूम असतं तर आम्ही रोज दुपारी पार्कात पोचलो असतो. तिथनं पुढं मी कुठंही खोली बघताना आधी माणसं भागिले बाथरूम करतो. चारच्या वर उत्तर आलं की दुसरीकडं बघतो.

दुसरी गोष्ट भाषेची. तिकडच्या हॉटेलांतही हेच शब्द वापरतात म्हणून सांगतो. 'कनेक्टिंग' म्हणजे दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत दार. 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी. फोनवर 'हो हो, बाजू-बाजूला देतो' म्हणाले तर ते दुसरं आहे. म्हाताऱ्या माणसांच्या आणि तुमच्या खोलीत मधलं दार असलं तर रात्री गोळीसाठी पाणी द्यायला कॉरिडॉरमधून लुंगीवर जावं लागत नाही. ईमेलवर लिहून घ्या.

---

हिशेबतपासनीस | मंगळवार, रात्री ११:०४

माणसं भागिले बाथरूम! हे मी चोरणार.

---

आक्का | बुधवार, सकाळी ६:२५

बाळा, सगळे पार्कबद्दल बोलायला लागलेत, तुझ्या आईचं कुणी विचारलं का? 'आई काही बोलत नाही' असं तूच लिहिलंयस. मी सांगते तिच्या मनात काय आहे. इमॅजिका ज्या रस्त्यावर आहे तोच रस्ता पुढं पालीला जातो. बल्लाळेश्वर. आणि खोपोलीजवळच महड, वरदविनायक. अष्टविनायकातले दोन गणपती तुमच्या गाडीच्या काचेतून दिसण्याइतके जवळ, आणि तुम्ही पाळण्यात बसून परत येणार? तिला तोंडानं मागायचं नाही, एवढंच.

पालीला देवस्थानचं भक्तनिवास आहे. साध्या, धुतलेल्या खोल्या. एक रात्र तिथं काढा. तुझ्या बाबांचं 'साधं बघा' पण झालं.

---

पंचगंगाकाठ | बुधवार, सकाळी ९:१५

आक्का, आत्ता स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आई, पालीला जाऊया का?" ती म्हणाली, "तुमची सोय बघा बाबा, माझं काय." आणि लगेच आत्याला फोन लावला, दूर्वा कुठं मिळतील विचारायला.

---

खासबाग मैदान | बुधवार, सकाळी ९:४०

झालं मग. आक्कांनी खोल्यांच्या वेळेचा घोळपण सोडवला बघा. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. तुम्ही कोल्हापुरातनं पहाटे चारला निघालात तर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे टोल भरत, सहापदरीच्या कामाची वळणं घेत, नाश्त्याला थांबत दुपार धरून पोचणार. त्या दिवशी पार्कचं तिकीट काढलं तर अर्धा दिवस वाया. म्हणून पहिल्या दिवशी सरळ पुढं पाली. आराम, संध्याकाळी दर्शन, मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटं यायचं, बॅगा हॉटेलच्या काउंटरला टाकायच्या आणि पार्क उघडताना गेटवर उभं राहायचं. दुपारी खोल्या ताब्यात मिळतात, नेमक्या बाळाच्या झोपेच्या वेळी. पार्कातनं बाहेर पडून परत आत घेतात का, हातावर शिक्का लागतो का, हे मात्र तिकीट काढतानाच विचारून घ्या.

ड्रायव्हरच्या झोपायची सोय दोन्हीकडं आधी बोलून ठेवा. रात्रभर सीटवर आडवा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी खंबाटकी उतरवणार आहे.

---

साडीवाली सून | बुधवार, दुपारी १२:३०

वॉटर पार्क करणार असाल तर नायलॉनचे कपडे घरून न्या, सुती कपड्यांत आणि साडीत पाण्यात सोडत नाहीत. तिथं भाड्यानं मिळतात, पण ज्या मापाचे मिळतात त्यात आत्याबाई फोटो काढू देणार नाहीत. थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगवेगळी, हेही धरा. आणि भडंग खोलीवरच ठेवा, गेटवर बाहेरचं खाणं काढून घेतात. बाळाचं खाणं असेल तर आधी दाखवा, तेवढं बहुतेक ठिकाणी सोडतात.

---

दाजी नंबर १ | बुधवार, दुपारी १२:४४

बंगला घ्या म्हणणारे दाजी ते आम्हीच. धागा बायकोनं दाखवला. विरोध मागे.

पण एक बोलू द्या. बंगल्याचा आग्रह पूलसाठी नव्हता. वर्षातनं एकदा सगळे एकत्र येतो आणि हॉटेलात पाच खोल्यांची पाच दारं बंद होतात. गप्पा कुठं मारायच्या?

---

पंचगंगाकाठ | बुधवार, रात्री ९:१०

दाजी, हे घरात बोलला असता तर!

ठरलं ते असं. पहिली रात्र पाली, भक्तनिवास. दुसरी रात्र पार्कच्या शेजारी, पाच खोल्या. आई-बाबा आणि आमची खोली मधल्या दाराची, ईमेलवर लिहून मागितलीय. भाऊ आणि बाळ एका खोलीत. दाजी, बहीण, भाचा दुसऱ्या. आत्या आणि १४ वर्षांची भाची एकत्र. आत्याला सोबत पाहिजे, भाचीला आईपासून सुटका पाहिजे, दोघी खूश. माणसं भागिले बाथरूम: २.८. गप्पा आमच्या खोलीत, मधलं दार उघडून. दाजींनी चादर आणायची.

---

पंचगंगाकाठ | अकरा दिवसांनी, रात्री १०:००

परवा रात्री आलो. वृत्तांत देतो.

पाली फार छान झालं. पोरं कुरकुरतील वाटलं होतं, पण भक्तनिवासाच्या गच्चीवर पाचही जणांचा जो खेळ रंगला तो दुसऱ्या दिवशीच्या पाळण्यांपेक्षा जास्त आठवतोय त्यांना. बल्लाळेश्वराच्या देवळासमोर आई बराच वेळ बसली. बाबांनी खोलीचं भाडं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा खूश झाले.

पार्कात आमच्या ११ वर्षांच्या चिरंजीवांना मोठ्यांचं तिकीट लागलं. हिशेबतपासनीस, तुम्ही सांगूनही मी घरात मोजलं नव्हतं. नायट्रो रोलर कोस्टरच्या पट्टीपाशी ९ वर्षांचा भाचा उंचीत कमी पडला. टाचा उचलून बघितल्या, चाललं नाही. तो तासभर कुणाशी बोलला नाही. मग त्याला अलीबाबाच्या राइडमध्ये बंदूक हातात दिली आणि तो परत माणसांत आला. आई-बाबांना फक्त 'आय फॉर इंडिया'ला बसवलं. खुर्ची वर उचलली जाते, पाय अधांतरी, समोर पडद्यावर वरनं दिसणारा देश. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "ऊस दिसला नाही कुठं."

तीन वाजता बाळ, आई, आत्या आणि भावजय खोलीवर गेल्या. चालत. भावजय बाळाला झोपवून, आईला तिच्याजवळ बसवून साडेचारला परत आली आणि अंधार पडेपर्यंत भावाबरोबर फिरली. लग्नानंतर दोघंच असे पहिल्यांदा फिरले म्हणे. खासबाग, आमच्या वहिनींना हे वाचायला देऊ नका.

चूक एकच झाली, तीही आमची. पाच खोल्यांच्या चाव्यांची कार्डं दहा, माणसं १४. रात्री साडेअकराला आत्या आणि भाची दोघी कार्ड आत ठेवून गप्पांना आल्या. परत गेल्या तर दार बंद. आत्या गाऊनवर रिसेप्शनला जायला तयार नाही, भाचीला तिथल्या पोरांशी बोलायला लाज. शेवटी दाजी चादर गुंडाळून गेले.

तिसऱ्या दिवशी वॉटर पार्क रद्द केला. पोरांना सर्दी, मोठ्यांच्या पोटऱ्या भरून आलेल्या. महडला दर्शन घेऊन घरचा रस्ता धरला.

---

दोन लेकरांची आई | अकरा दिवसांनी, रात्री १०:२०

छान झालं. बाळ कसं आहे? सर्दी झाली असेल तर ओवा भाजून पुरचुंडी करून शेका.

---

उसाचा रस | अकरा दिवसांनी, रात्री १०:२६

भक्तनिवासाचं बुकिंग फोनवर झालं की जावं लागलं? आम्ही २१ जण आहोत. डिसेंबरात.

---

पंचगंगाकाठ | अकरा दिवसांनी, रात्री १०:३१

फोनवरच झालं. रसवाले, २१ असाल तर वेगळा धागा काढा, यात जागा नाही. ट्रॅव्हलरवाल्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात कळवतो. बाबांनी त्याला कराडपासून गाडी चालवायला शिकवली, तरी माणूस शेवटपर्यंत हसत होता.